इंजिन घरी खोलायचं तर हत्यारं कोणती?

मंडळी, वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्ये आला. मातीत पळवायच्या गाडीचं इंजिन घरी बांधावं, हा मोह त्यामुळे आपल्या शहराला नवा नाही. उदाहरणाला जुनी आरएक्स 100 घेऊ. सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर.

साधे पाने सगळ्यांकडे असतात, ते सोडू. आधी मॅग्नेट पुलर. मॅग्नेट क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं. मी एकदा हातोडीने ठोकून काढलं. निघालं हो, पण आटे गेले आणि शाफ्टही वाकला. पुलरचे पैसे वाचवले आणि शाफ्टचे भरले!

आता मुख्य गोष्ट. न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन; बाजारात प्रमाण म्हणजे माप. इंजिनापुढे दोन्ही अर्थ एकच होतात. सिलिंडर बोटाला गुळगुळीत लागला म्हणून तो गोल ठरत नाही. बोअर गेज आणि मायक्रोमीटर लागतोच. वर, मध्ये, खाली मोजा. प्रत्येक ठिकाणी उभं आणि आडवं. झिजला असेल तर लेथवाल्याकडे न्या. मोठे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. पिस्टन आधी विकत घ्या, त्याच्या मापाने बोअर करून घ्या, उलटं नाही. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने बघा.

हेडचे नट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. पिस्टन पिनच्या सर्क्लिप नव्याच घाला. जुन्या काढताना क्रँककेसच्या तोंडात चिंधी कोंबा, नाहीतर एक आत पडली की सगळं पुन्हा उघडा.