लघुरेल्वे
खऱ्या रेल्वेची ठराविक प्रमाणात लहान केलेली चालती प्रतिकृती. तिचा वास्तवपणा गाड्यांच्या हुबेहूब रूपापेक्षा त्यांच्या चालनातील शिस्तीवर अधिक अवलंबून असतो.

सर्वांत प्रचलित एचओ प्रमाण १ : ८७ असून त्यात रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते. भारतीय रुंदमापी मार्गाचे अंतर (१,६७६ मिमी.) या प्रमाणात सु. १९·३ मिमी. होते, म्हणून तयार रूळ वापरल्यास भारतीय मार्ग काहीसा अरुंद दिसतो. वेगही त्याच प्रमाणात घटवावा लागतो. ताशी ८७ किमी. वेगाची गाडी मांडणीवर सेकंदाला सु. २८ सेंमी. इतकीच सरकली पाहिजे.

मंठ्याजवळील परतूर स्थानकासारखी मांडणी घरी करता येते. तेथून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग मुळात एकेरी, मीटरमापी बांधलेला होता. पुढे तो रुंदमापी करण्यात आला. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील खंडात एका वेळी एकच गाडी असते. समोरची गाडी पूर्णपणे स्थानकात येईपर्यंत दुसरी तेथेच थांबते. नंतर सांधे बदलून तिला सिग्नल दिला जातो. ही प्रतीक्षा वगळल्यास मांडणी गोल फिरणारे खेळणे ठरते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्यातील जोशी लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे अनेक गाड्या सिग्नलांसह चालवून दाखविल्या जातात.