सोरायसिस आहे म्हणून मासे सोडू नका



अंगावर सोरायसिसचे चट्टे आले आणि डॉक्टर म्हणाले, "सूज आणणाऱ्या प्रोटीनमुळे होतं", की घरात पहिल्यांदा बंद होतात ते मासे. हे प्रोटीन ताटातलं नव्हे हो! आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशी एकमेकींना निरोप धाडायला जी प्रोटीनं बनवतात, ती ही. टीएनएफ, आयएल-17, आयएल-23 अशी त्यांची नावं. जखम झाली की निरोप सुटतात, जागा लाल होते, सुजते आणि काम झालं की सगळं शांत होतं. सोरायसिसमध्ये शांत होतच नाही. एका होडीच्या वायरलेसचं बटण अडकलं की सगळं चॅनल अडून बसतं ना, तसंच. महिनाभराने बदलणारी कातडी मग थोड्या दिवसांतच बदलायला लागते आणि खपल्या पडतात.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. अशा खलाशाला वेगळं जेवायला बसवणं हा निव्वळ अडाणीपणा.

मात्र दोर, गरी लागून कातडी सोलली की तिथेच काही दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो. म्हणून हातमोजे हवेतच. सकाळी बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील तर जाळं ओढून दुखतं म्हणून सोडून देऊ नका, याच रोगाची सूज सांध्यातही जाते.

मासळी साफ करणाऱ्या बायकांच्या हातांना भेगा पडतात, खाज सुटते, तो बहुतेक वेळा एक्झिमा. बर्फ, खारं पाणी, माशाचं पाणी यांनी तो वाढतो. औषधही वेगळं. कोळंबी सोलताना लगेच गांधी उठत असतील तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तेही डॉक्टरना सांगा.

सगळ्यात मोठं नुकसान करते ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली स्टिरॉइडची ट्यूब. चार दिवस बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने लावून कातडी पातळ होते. स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर सोरायसिस उसळून अंगभर पू भरलेले फोड येऊ शकतात. नेमकं आयएल-17 अडवणारी इंजेक्शनं आता मिळतात, पण महाग आहेत आणि आधी टीबीची तपासणी करावी लागते.

1 जून ते 31 जुलै बंदी आहे, होड्या किनाऱ्यावरच. बांबोळीला गोमेकॉच्या त्वचा विभागात दाखवून घ्या. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

– सचिव