परसातला माड आणि त्याची निगा

माड हे झाड आहे की नाही, असा एक चमत्कारिक वाद २०१६ साली गोव्यात उपस्थित झाला होता. वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात झाडाची जी व्याख्या आहे, तिच्यातून त्या वर्षी माड वगळण्यात आला. माडाला फांद्या नाहीत, मग तो झाड कसा, असा युक्तिवाद तेव्हा ऐकू येत असे. लोकांना ते रुचले नाही आणि २०१७ साली माड पुन्हा कायद्याच्या छायेखाली आला. कायद्यापुरता प्रश्न मिटला. परंतु ज्यांच्या परसात दोनचार माड उभे आहेत, त्यांनी तो वाद अगदीच विसरून जाऊ नये. कारण त्या चुकीच्या युक्तिवादात एक अर्धसत्य दडलेले होते, आणि माडाची निगा राखावयाची तर ते आधी समजून घेतले पाहिजे.

माड हे झाड खरेच. पण आंबा, फणस, चिंच यांच्या जातीचे नव्हे. आंब्याच्या सालीखाली एक जिवंत थर असतो. तो दरवर्षी नवे लाकूड घडवितो, खोड जाड करतो आणि कुऱ्हाडीची जखमही हळूहळू भरून काढतो. फांदी तुटली तर दुसरीकडून धुमारे फुटतात. माडाजवळ यांतले काहीच नाही. त्याचे नाते गवताशी आणि बांबूशी जवळचे. त्याच्या खोडात तो वाढणारा थर नाही, म्हणून एकदा घडलेले खोड पुढे जाड होत नाही आणि त्याला पडलेली खाच मरेपर्यंत तशीच राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, माडाला वाढणारा कोंब एकच. तो शेंड्याशी, झावळ्यांच्या गाभ्यात असतो. तो कोंब मेला की साठ वर्षांचा डौलदार माडही मेला. त्याला दुसरा धुमारा फुटावयाचा नाही.

या एका गोष्टीवरून माडाच्या निगेचे बहुतेक नियम आपोआप निघतात. माडाला खिळा ठोकून कपडे वाळत घालण्याची तार बांधणे किंवा चढण्यासाठी खोडात खाचा पाडणे, हे आपल्याकडे सर्रास चालते. आंबा अशी जखम भरून काढील. माड ती उराशी घेऊन जगेल, आणि त्या वाटेने कीड आत शिरेल. तसेच हिरव्या झावळ्या कापण्याचे. घरावर सावली पडते म्हणून अगर लग्नाच्या मांडवासाठी आपण त्या सहज तोडतो. झावळ्यांच्या रविवारासाठी तर शेंड्यातील मिटलेली कोवळी झावळीच हवी असते. ती घ्यावयाचीच झाली तर जो माड लवकरच काढून टाकावयाचा आहे, त्याची घ्यावी. फळत्या माडाच्या कोंबाशेजारी कोयता चालवू नये.

दुसरी गोष्ट काळाची. चांगल्या वाढलेल्या माडावर तीस ते चाळीस झावळ्या असतात. साधारण महिन्याला एक नवी झावळी उमलते आणि जवळजवळ तेवढ्याच वेगाने खालची एक गळते. खोडावर जी कंकणे दिसतात, ते या गळलेल्या झावळ्यांचे वण. वर्षाला साधारण बारा वण धरले, तर माडाचे वय ढोबळ मानाने मोजता येते. वर्गातल्या मुलांना हा हिशेब फार आवडतो. खोड मध्येच कोठे निमुळते झाले असेल, तर त्या काळात माडाची उपासमार झाली असे समजावे.

प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय जन्म घेते. मात्र ती आपल्याला दिसते तेव्हा तिचे वय बरेच झालेले असते. गाभ्यात पोयीचा आरंभ झाल्यापासून ती उमलेपर्यंत सुमारे ३२ महिने जातात, आणि पुढे नारळ पक्व व्हावयास आणखी सुमारे १२ महिने लागतात. म्हणजे आज आपण जो नारळ फोडतो, त्याची तयारी जवळजवळ पावणेचार वर्षांपूर्वी सुरू झालेली होती. यंदाच्या उन्हाळ्यात माडाला पाणी दिले नाही, तर त्याचा जाब तो दोनतीन वर्षांनी देतो. तोपर्यंत आपण ते विसरलेलो असतो, आणि माड वांझ झाला किंवा कोणाची दृष्ट लागली, अशी समजूत करून घेतो. खत घातल्यावर सहा महिन्यांत फळ वाढले नाही म्हणून खत बंद करणारेही याच चुकीच्या हिशेबाचे बळी होत.

आता लागवडीकडे वळू. माडाच्या बुंध्याची जाडी पहिल्या चारपाच वर्षांत जमिनीलगत ठरते. खोड वर दिसू लागते ते त्यानंतर. म्हणून या वर्षांत केलेली हयगय पुढे कशानेही भरून येत नाही. रोप नऊ ते बारा महिन्यांचे, सहा पानांचे आणि मानेशी दहा ते बारा सेंटिमीटर घेराचे असावे. स्वस्त मिळाले म्हणून लुकडे रोप आणू नये. त्याचा तोटा पुढची साठ वर्षे सोसावा लागतो. जात निवडताना आपली गरज पाहावी. आपल्याकडची बाणवली जात गोव्यातील बाणावली गावाच्या नावाने ओळखली जाते. ही उंच जात सहा ते आठ वर्षांनी फळाला येते, पण साठ-सत्तर वर्षे टिकते आणि तिचे खोबरे चांगले. या बाणवलीतूनच निवडून रत्नागिरीच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने 'प्रताप' ही जात दिली. ज्यांना शहाळीच हवीत आणि माडावर चढण्याची अडचण आहे, त्यांनी केरळातील चौघाट ऑरेंज ड्वार्फसारखी ठेंगणी जात लावावी. ती तीनचार वर्षांत फळते. मात्र तिला पाणी आणि देखरेख अधिक लागते.

दोन माडांत साडेसात मीटर अंतर हवे. लहान रोपे पाहून हे अंतर उधळपट्टीचे वाटते, पण दाटी झाली की माड उजेडासाठी वाकडे होतात आणि फळ कमी देतात. माडाला सोटमूळ नसते. बुंध्यातून निघालेली शेकडो तंतुमुळे तो पसरतो, म्हणून घराच्या पायाला त्याची भीती थोडी. पण पडणाऱ्या नारळाची आणि झावळीची भीती मोठी. छपरावर, वाटेवर किंवा विजेच्या तारांखाली येईल अशी जागा सोडून द्यावी.

खड्डा एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि खोल असावा. जांभ्या दगडाच्या जमिनीत थोडा मोठाच करावा. अशा जमिनीत लागवडीपूर्वी सहा महिने खड्ड्यात दोन किलो मीठ टाकले असता जांभा मऊ पडतो. माडाला मीठ घालावे, ही जुनी समजूत येथे उपयोगी पडते. मात्र मीठ म्हणजे खत नव्हे. खड्ड्याच्या तळाशी नारळाच्या सोडणांचे दोन थर खोलगट बाजू वर करून मांडावेत. ती पाणी धरून ठेवतात. रोप पावसाच्या आरंभी लावावे. जेथे पाणी साचते तेथे जोराचा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरात, उंचवट्यावर लावावे. रोपाच्या मानेवर आलेली माती वरचेवर बाजूला करावी, आणि रोप वाढेल तसा खड्डा हळूहळू भरीत आणावा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात सावली करणे आवश्यक आहे.

माडाची बहुतेक कामकरी मुळे बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. म्हणून तेवढ्या व्यासार्धाचे आळे करावे आणि खत-पाणी त्या सबंध आळ्यात पसरावे, बुंध्याशी ओतू नये. मोठ्या माडाला वर्षाला पंचवीस ते पन्नास किलो शेणखत अगर कंपोस्ट, आणि त्याबरोबर सुमारे एक किलो युरिया, दोन किलो सुपर फॉस्फेट व दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. रासायनिक खताचा तिसरा हिस्सा पावसाच्या आरंभी आणि उरलेले दोन हिस्से पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात घालावेत. भर पावसात घातलेले खत ओढ्याला जाते. रोपाला पहिल्या वर्षी या मात्रेचा दहावा भाग, दुसऱ्या वर्षी एकतृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोनतृतीयांश आणि मग पूर्ण मात्रा. या हिशेबात पोटॅश एवढे का, असे कोणी विचारील. नारळ भरावयाला माडाला तेच सर्वांत अधिक लागते. आपल्या आज्या चुलीतली राख माडाच्या आळ्यात टाकीत, ती याच कारणाने गुणकारी ठरे. राखेत पोटॅश असते. घरात चूल राहिली नाही, तेव्हा ती उणीव आता आपण जाणीवपूर्वक भरून काढावयास हवी.

उन्हाळ्यात मोठ्या माडाला दर चार दिवसांनी सुमारे दोनशे लिटर पाणी मिळावे. विहीर आटत असेल तेथे भांडी धुतलेले आणि मोरीचे पाणी आळ्यात वळवावे. आळ्यावर वाळक्या झावळ्या किंवा सोडणे पसरली म्हणजे ओल टिकते. परसातला पालापाचोळा जाळण्याऐवजी तेथेच कुजू द्यावा.

एवढे केले तरी माडाचे दोन शत्रू उरतात. पहिला गेंड्या भुंगा. हा काळा, डोक्यावर शिंग असलेला भुंगा शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या ओंडक्यांत वाढतो, व रात्री शेंड्यात शिरून मिटलेली झावळी कुरतडतो. ती झावळी उमलली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. ही खूण अंगणात उभे राहूनही ओळखता येते. भुंग्याला लोखंडी आकड्याने ओढून काढावे, आणि वरच्या दोनतीन बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू समभाग मिसळून भरावी. मेलेल्या माडाचा ओंडका परसात पडू देऊ नये. तो भुंग्याचे बाळंतघर होतो.

दुसरा सोंड्या भुंगा, तांबूस रंगाचा. तो स्वतः फारसे पोखरीत नाही, पण गेंड्याने केलेल्या भोकात, कोयत्याच्या घावात, खोडाच्या खाचेत अंडी घालतो. त्याच्या अळ्या आतून खोड खातात. खोडावर तांबूस चीक ओघळला, चोथा बाहेर आला किंवा बुंध्याला कान लावल्यावर करकर ऐकू आली, तर हा शत्रू आत बसला आहे असे समजावे आणि विलंब न लावता कृषी खात्याचा सल्ला घ्यावा. हिरवी झावळी कापणे भागच पडले तर देठाचा सव्वा मीटर भाग माडावर ठेवून कापावी, म्हणजे ताज्या घावातून अळी खोडापर्यंत पोचत नाही.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. तो म्हणजे कोंब कुजण्याचा. मधली कोवळी झावळी फिकट पडते, ओढताच हातात येते आणि दुर्गंधी सुटते. वेळीच लक्षात आले तर कुजका भाग कापून तेथे बोर्डो मलम लावावे आणि नवा कोंब येईपर्यंत झाकून ठेवावे. त्याहून बरे म्हणजे पावसापूर्वी शेंड्यावर बोर्डो मिश्रण फवारणे. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना पाच लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतावे. भांडी धातूची नसावीत. पांढऱ्या माशीने मात्र घाबरून जाऊ नये. २०१६ पासून भारतात आलेल्या या माशीमुळे झावळ्या काजळल्यासारख्या काळ्या होतात. पण तिला खाणारे बारीक मित्रकीटक निसर्गात आहेत. जहाल विष फवारले की प्रथम तेच मरतात. पाण्याचा जोराचा फवारा पुष्कळदा पुरतो.

श्रोतेहो, या सर्व खुणा शेंड्यात दिसतात, आणि शेंडा आपल्यापासून पन्नास-साठ फूट दूर असतो. पूर्वी दर दीडदोन महिन्यांनी पाडेली यावयाचा. तो नुसते नारळ पाडून जात नसे. वाळक्या झावळ्या आणि पोयींची जुनी आवरणे ओढून शेंडा स्वच्छ करी, भुंगा दिसला तर काढी, आणि खाली उतरून 'अमक्या माडाचा कोंब बघा' असे सांगे. त्याची मजुरी नारळांच्या संख्येवर मोजण्यात आपली चूक होत असे. तो माडांचा वैद्य होता. आज त्याची मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली, आणि त्यात वाईट काही नाही. परंतु नारळ काय, आपोआप पडतातच, असे म्हणून आपण माणूस बोलावणे सोडले, तेव्हा माडाची तपासणीही बंद झाली. बंद घरांच्या आवारांत शेंडा गळून नुसते खांब उरलेले माड आपण पाहतो. त्यांतल्या कित्येकांना वाचविता आले असते.

यावर उपाय आहेत. पायांनी चालवावयाच्या शिडीयंत्राने माडावर चढण्याचे शिक्षण नारळ विकास मंडळ २०११ पासून देत आले आहे. एका वाड्यातील चारपाच घरांनी मिळून असा एखादा शिकलेला माणूस ठरविला, तर खर्च कोणालाच जड होणार नाही. वर्षातून निदान दोन वेळा, पावसाच्या आधी आणि पावसानंतर, त्याच्याकडून प्रत्येक माडाचा शेंडा साफ करून घ्यावा, बेचक्यांत निंबोळी पेंड भरून घ्यावी आणि त्याने काय पाहिले ते विचारून वहीत लिहून ठेवावे. खत घातल्याची तारीखही त्याच वहीत असावी. पावणेचार वर्षांचा हिशेब तोंडी राहत नाही.

परसातले बहुतेक माड आपण लावलेले नाहीत. ते लावणाऱ्यांनी त्यांची फळे थोडीच वर्षे चाखली. आपण मात्र रोज चाखतो. तेव्हा येत्या पावसापूर्वी आपल्या माडाखाली उभे राहून मान वर करून एकदा नीट पाहावे. मधली झावळी ताठ आणि हिरवी आहे ना, एवढे आधी पाहावे. ती तशी असेल, तर आळे करावयास घ्यावे. आणि नसेल, तर त्याच दिवशी माणूस बोलवावा.