कसाऱ्याच्या पलीकडचा प्रकाश

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नाशिक रोडपर्यंत लोहमार्गाचं अंतर सुमारे 187 किलोमीटर. काचेच्या उत्तम फायबरमध्ये 1550 नॅनोमीटरचा प्रकाश किलोमीटरमागे 0.2 डेसिबल (डीबी) झिजतो. म्हणजे मुंबईत 1 मिलिवॅट सोडला, तर नाशिक रोडला त्याचा पाच हजारावा भाग उरेल. प्रत्यक्षात वाटेत स्प्लाइस (जोड) आणि कनेक्टर असतात. किलोमीटरमागे 0.25 डीबी धरले, तर पन्नास हजारावा भागच हाती लागतो.

ही झीज भरून काढायला पूर्वी रिजनरेटर असत. प्रकाशाचं विजेत रूपांतर करायचं, बिट ओळखायचे आणि नव्या लेसरने पुन्हा सोडायचे. 1988 सालच्या टॅट-8 या अटलांटिकखालच्या पहिल्या फायबर केबलमध्ये हीच पद्धत होती. त्याच सुमारास, 1987 मध्ये, साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्व्हीर व सहकाऱ्यांनी अर्बियम मिसळलेल्या फायबरचा ॲम्प्लिफायर करून दाखवला. मुंबई-नाशिक वाटेवर कसारा घाटात 1 : 37 चा चढ चढताना गाडी रिकामी करून माल दुसऱ्या गाडीत भरत नाहीत, मागून बँकर इंजिन लावतात, तसाच हा प्रकार. सिग्नल प्रकाशच राहतो, आणि 1530 ते 1565 नॅनोमीटरमधले सगळे चॅनेल काही मीटर फायबरमध्ये एकदमच वाढतात.

पण हा जोर फुकट मिळत नाही. पंप लेसरने वरच्या पातळीवर नेलेले अर्बियमचे आयन सिग्नलच्या फोटॉनने उत्तेजित होऊन हुबेहूब तसाच फोटॉन देतात, हा फायदा. काही आयन मात्र कोणी न सांगता, आपल्या वेळेला, वाटेल त्या फेजचा फोटॉन सोडतात. आइन्स्टाइन यांनी 1917 मध्ये मांडलेलं उत्स्फूर्त उत्सर्जन ते हेच. असे भटके फोटॉन पुढे सिग्नलसारखेच वाढत जातात. एएसई नॉइज म्हणतात तो हा. कारागिरी सुधारून तो शून्यावर आणता येत नाही. भरपूर वाढ देणारा आदर्श ॲम्प्लिफायरसुद्धा सिग्नल-नॉइजचं गुणोत्तर निम्म्यावर, म्हणजे 3 डीबीने खाली आणतो. ही मर्यादा क्वांटम सिद्धांताची आहे. 1982 मध्ये कार्लटन केव्ह्ज यांनी ती नेमकेपणाने मांडली. बाजारातल्या उपकरणांत ही घसरण, म्हणजे नॉइज फिगर, 4 ते 6 डीबी असते. 980 नॅनोमीटरच्या पंपाने जवळजवळ सगळे आयन वर नेता येतात. 1480 च्या पंपाने तसं होत नाही, म्हणून ॲम्प्लिफायरचा पहिला टप्पा 980 चा ठेवतात.

कोहेरंट यंत्रणेत हा नॉइज नेमका कुठे नडतो? जुना रिसीव्हर फक्त उजेड आहे की नाही एवढंच पाहायचा. कोहेरंट रिसीव्हर स्थानिक लेसरशी तुलना करून प्रकाशाची तीव्रता, फेज आणि दोन्ही पोलरायझेशन वाचतो. ही कल्पना 1980 च्या दशकातली. अर्बियम ॲम्प्लिफायर आल्यावर ती मागे पडली आणि 2008 च्या आसपास वेगवान डिजिटल चिपमुळे परतली. या चिपचं मला फार अप्रूप वाटतं. दीड हजार किलोमीटरमध्ये पसरट झालेला स्पंद ती गणिताने पुन्हा जागेवर आणते, कारण प्रसरण नियमाने घडतं. भटक्या फोटॉनला नियम नाही. त्यामुळे एकदा शिरलेला नॉइज चिपला उचलून बाजूला करता येत नाही. एरर करेक्शनने फक्त त्याच्यासह जगता येतं.

हिशेब करून पाहू. समजा मुंबईहून नाशिक रोड, भुसावळमार्गे दिल्लीपर्यंत 80 किलोमीटरचे 20 टप्पे आहेत, प्रत्येकी 20 डीबी झीज, चॅनेलमागे 1 मिलिवॅट, नॉइज फिगर 5. पहिल्या टप्प्याअखेर प्रकाशातलं सिग्नल-नॉइज गुणोत्तर (ओएसएनआर) 33 डीबी. टप्पे दुप्पट झाले की 3 डीबी जातात. 20 टप्प्यांनंतर 20 डीबी उरतात. शंभर गिगाबिटचा क्यूपीएसके सिग्नल साधारण 13 डीबीवर चालतो, तो आरामात पोहोचेल. चारशे गिगाबिटच्या 400झेडआर मॉड्यूलला मात्र 26 डीबी लागतात. ते या वाटेवर चालणार नाही. मग पॉवर वाढवावी? तीही मोकळी नाही. तीव्रता वाढली की काचेचा अपवर्तनांक बदलतो आणि चॅनेल एकमेकांत ढवळतात. हिशेबाने सर्वांत फायद्याची पॉवर तीच, जिथे हा नवा नॉइज एएसईच्या निम्मा असतो.

नॉइज कमी ठेवण्याचा एक उपाय भारतीय नावाचा आहे. 1928 मध्ये रामन यांनी दाखवलेल्या परिणामावर चालणारा ॲम्प्लिफायर वाटेतल्या फायबरलाच वाढीचं माध्यम बनवतो. साधारण 1450 नॅनोमीटरचा पंप पलीकडच्या टोकाकडून उलटा सोडतात. सिग्नल फार क्षीण होण्याआधीच उचलला जातो, म्हणून नॉइज कमी. मात्र शेकडो मिलिवॅट प्रकाश 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. कनेक्टरच्या तोंडावर धुळीचा एक कण राहिला, तरी तो तापून काचेला काळा खड्डा पाडतो. म्हणून पॅचकॉर्ड लावण्याआधी मायक्रोस्कोपखाली तोंड पाहणं हा कामाचाच भाग असतो.

रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल 2000 मध्ये स्थापन झाली. रुळांलगत तिचं साठ हजार किलोमीटरहून अधिक फायबर आहे. शहरांत मात्र केबल रस्त्याकडेला असते. जेसीबीने ती तुटली की मधे तुकडा घालून दोन स्प्लाइस करतात. नेट लगेच सुरू होतं, पण दहा तोडींचे वीस स्प्लाइस, 0.1 डीबी प्रत्येकी, म्हणजे 2 डीबी. प्रत्येक टप्प्याची अशी गत झाली, तर पोहोच तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते. पुढचा ॲम्प्लिफायर तेवढं भरून काढेल, पण त्यासोबत नॉइजही वाढवेल.

2027 च्या कुंभमेळ्यासाठी नाशिक आणि नाशिक रोडला रस्ते उकरले जात आहेत. 2023 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेलं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप याचसाठी आहे. ठेकेदारांनी आणि सोसायट्यांनीही फावडं लावण्याआधी त्यावर कळवावं.