घास तोंडात फिरतो तेव्हा

तैत्तिरीय उपनिषदातला भृगू तप करून आधी कुठे पोचतो? अन्नापाशी. वर्गात हे मी कितीदा शिकवलं; कळलं मात्र गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन झाल्यावर. किरणांमुळे लाळग्रंथी मंदावतात. मग पोळी तोंडात नुसती फिरते, गिळवत नाही. म्हणून मऊ भात, पातळ वरण, तूप, घासागणिक पाण्याचा घोट. तिखट बंद. जबडा आखडतो ते वेगळंच. जिथे तीन बोटं मावायची तिथे माझं जेमतेम एक मावे. फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. कंटाळवाणं आहे, पण सोडलं की तोंड पुन्हा मिटायला लागतं. आणि चारचौघांत जेवायची लाज! ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळे. हिने काही न बोलता दोन्ही ताटांशेजारी रुमाल ठेवायला सुरुवात केली, माझ्या आणि स्वतःच्याही.