रुग्णनोंदींचे जग – लेखांक ६ : एमआरडीतली उमेदवारी

रुग्ण घरी गेला की त्याची फाइल वॉर्डातून एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात येते. आरोग्य माहिती तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याची उमेदवारी सहसा इथेच होते. २०२१च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने क्लिनिकल कोडर आणि मेडिकल रेकॉर्ड अॅनालिस्ट यांचा समावेश आरोग्य व्यवसायांच्या यादीत केला आहे. तोवर हे काम बहुतेकांच्या लेखी कारकुनीच होते.

सुरुवात कागदांच्या जुळणीने होते. केसपेपर, संमतीपत्र, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड हे सगळे ठरलेल्या क्रमाने लावायचे आणि काय राहिले ते शोधायचे. कुठे सही नसते, कुठे ऑपरेशनची नोट. अशा फाइलला त्रुटीची चिठ्ठी लावून ती वॉर्डात परत पाठवतात. नोंदीत लिहायची राहिलेली वेळ विद्यार्थ्याने अंदाजाने भरायची नसते, ती कितीही उघड दिसत असली तरी.

फाइल कपाटात कुठे ठेवायची, हे मोठ्या रुग्णालयांत अनेकदा शेवटच्या दोन आकड्यांवरून ठरते. ४८-२५-६३ ही फाइल आधी ६३च्या विभागात जाते, तिथे २५च्या गठ्ठ्यात, आणि त्यात ४८व्या जागी. नव्याला हे उलटे वाटते. पण सरळ क्रमाने लावल्या तर नव्या फाइलींची सगळी गर्दी एकाच टोकाला होते. या पद्धतीत ती शंभर विभागांत वाटली जाते.

खरा कस कोडिंगमध्ये, म्हणजे निदानाला कोड देण्यात लागतो. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे खंड तीन. तिसऱ्यातल्या अक्षरानुक्रमी सूचीत शब्द शोधायचा आणि सापडलेला कोड पहिल्या खंडात पडताळायचा. सूचीवरूनच कोड उचलणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. समजा, डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘छातीत दुखणे’ लिहिले आहे. त्याचा कोड आर०७.४. आत मात्र ईसीजी आहे, हृदयविकाराच्या झटक्यावरची औषधे आहेत. झटक्याचा कोड आय२१च्या गटात येतो. विद्यार्थ्याला दिसते ते बरोबर असेलही, पण निदान करणे त्याचे काम नाही. तो मार्गदर्शकाला दाखवतो, डॉक्टरांना लेखी विचारणा जाते आणि उत्तर आल्यावरच कोड पडतो. विचारणाही खुली हवी: ‘झटका लिहायचा का?’ असे नव्हे, तर ‘अंतिम निदान स्पष्ट करावे’. उत्तर सुचवणारा प्रश्न नोंद बिघडवतो. सुरुवातीला मार्गदर्शक प्रत्येक फाइल तपासतो. हात बसला की अधूनमधून एखादीच.

प्रती देण्याचे काम त्या मानाने सोपे, पण ते खिडकीवर चालते. रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे नियम सांगतात. नुसते ‘मी त्यांचा भाऊ’ म्हणणे पुरेसे नसते. अर्ज आणि ओळखपत्र लागते. पोलीस केसच्या फाइली वेगळ्या, कुलपात ठेवतात.

संगणकावर विद्यार्थ्याला स्वतःचा, मर्यादित अधिकारांचा लॉगिन मिळायला हवा. गडबडीच्या वेळी ‘माझाच पासवर्ड टाक’ म्हणणारे वरिष्ठ भेटतात. तसे केले, तर कोणती फाइल कोणी किती वाजता उघडली या नोंदीत भलतेच नाव उमटते. उमेदवारी संपली की लॉगबुकवर मार्गदर्शकाची शेवटची सही होते आणि त्याच दिवशी तो लॉगिन बंद करायचा असतो.