पाणवठ्यावर कोण आलं?

वर्षातून एक रात्र अशी येते, की मेळघाटात माणसं पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर दबा धरून बसतात आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. ही बुद्धपौर्णिमेची रात्र. कुणी अमरावतीचा महाविद्यालयीन विद्यार्थी, कुणी अकोल्याचा व्यापारी, कुणी पुण्या-मुंबईहून रजा टाकून आलेली बँकेतली ताई. सोबतीला वनरक्षक किंवा जवळच्या गावातला कोरकू वाटाड्या. प्रत्येक मचाणाच्या वाट्याला एक पाणवठा आणि एक तक्ता. तक्त्यात वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी, सोबत पिल्लं होती का, असे रकाने. सुट्टीत लोक आराम शोधतात. ही मंडळी वैशाखाच्या उकाड्यात जंगलाची हजेरी घ्यायला जातात.

वन विभाग आता या उपक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हणतो, लोकांच्या तोंडी मात्र ‘पाणवठ्यावरची गणना’ हेच नाव आहे. नेमकी हीच रात्र का, याचं उत्तर शोधायला गेलं की आकाश, झाडं आणि खडक हे तिघंही कसे एका कामाला लागलेले असतात ते दिसतं.

आधी आकाश. पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना असतात. सूर्य मावळतो त्या सुमारास चंद्र उगवतो आणि सूर्य उगवेपर्यंत तो आकाशात असतो. म्हणजे उजेडाचा खंड जवळजवळ पडतच नाही. टॉर्च न लावता चोवीस तास पाहता येईल, अशी सोय निसर्गानं करून ठेवलेली आहे. मग झाडं. मेळघाट हे पानगळीचं जंगल. साग, सालई, धावडा यांच्या फांद्या उन्हाळ्यात उघड्या पडतात, त्यामुळे चांदणं जमिनीपर्यंत पोचतं आणि एरवी पानांच्या आड दिसेनासं होणारं सांबर पन्नास पावलांवरूनही ओळखू येतं.

आणि शेवटी खडक. गाविलगडच्या डोंगररांगांखाली आहे काळा बेसाल्ट, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर. भेगा सोडल्या तर या दगडात पाणी फारसं साठत नाही. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या नद्या वैशाखापर्यंत आटत आटत जागोजागच्या डोहांपुरत्या उरतात. जिथे डोहही उरत नाही तिथे वन विभाग टँकरनं किंवा सौरपंपानं कृत्रिम पाणवठे भरतो. २,७६८ चौरस किलोमीटरच्या या व्याघ्र प्रकल्पात जनावर कुठेही असू शकतं. पण या दिवसांत पाण्यावर मात्र त्याला यावंच लागतं. माणसानं जंगलभर फिरण्यापेक्षा पाण्याजवळ गप्प बसावं, जंगल आपण होऊन त्याच्यासमोरून जातं. या पद्धतीमागची सगळी बुद्धी एवढ्यात आली.

दिवसभर माकडं, मोर, चितळं येतात. ऊन उतरलं की गव्यांचा कळप धुळीतून खाली येतो. अंधार पडल्यावर सांबरं, रानडुकरं, अस्वल. अस्वल पाणी पिताना जो आवाज करतं, तो ऐकलेला माणूस तो जन्मभर विसरत नाही. आणि मध्येच कुठेतरी सांबराचा इशाऱ्याचा खणखणीत आवाज येतो. मचाणावरच्या दोघांनाही कळतं, की कुणीतरी निघालंय. बिबट्या किंवा वाघ दिसेलच असं नाही. पुष्कळांना तो दिसत नाही.

आता खरा प्रश्न. सकाळी हे सगळे तक्ते गोळा केले, बेरीज केली, म्हणजे मेळघाटात किती प्राणी आहेत ते कळलं का?

नाही कळलं. एकच कळप संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर पाणी पिऊ शकतो, मग तो दोनदा मोजला जातो. काही जनावरं त्या दिवशी येतच नाहीत. आदल्या दिवशी वळीव पडला तर जंगलभर डबकी साचतात आणि पाणवठ्याकडे कुणी फिरकत नाही. म्हणून या रात्रीच्या आकड्यांवरून देशातल्या वाघांची संख्या ठरवली जात नाही. ते काम वेगळ्या रीतीनं होतं आणि ती रीत मला पाणवठ्याइतकीच विलक्षण वाटते.

समजा, पोत्यात तुरीचे दाणे किती, हे न मोजता काढायचं आहे. वीस दाणे काढा, त्यांना लाल रंग लावा, परत टाका आणि पोतं नीट हलवा. पुन्हा वीस दाणे काढा. त्यात दोन लाल निघाले, तर रंगवलेले वीस दाणे हा पोत्यातल्या एकूण दाण्यांचा दहावा हिस्सा असावा, म्हणजे दाणे दोनशेच्या आसपास. वाघाला रंग लावावा लागत नाही, कारण तो पट्टे घेऊनच जन्मतो आणि दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. एकाच वाघाची डावी आणि उजवी कूससुद्धा वेगवेगळी. म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशींचे फोटो निघतात. कोणते वाघ पुन्हा पुन्हा दिसले, कोणते एकदाच, या हिशेबावरून न दिसलेल्या वाघांचाही अंदाज बांधता येतो. २०१८च्या राष्ट्रीय गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रं जमा झाली. त्या वर्षी देशातले वाघ २,९६७ निघाले, तर २०२२मध्ये ३,६८२. याच चार वर्षांत महाराष्ट्रातला अंदाज ३१२वरून ४४४वर गेला.

हरणं, सांबरं, गवे यांना असे ओळखपट्टे नसतात. त्यांच्यासाठी जंगलात दोन किलोमीटरची सरळ रेषा आखतात. तिला म्हणतात ट्रान्सेक्ट. पहाटे तिच्यावरून हळूहळू चालत जायचं आणि प्राणी दिसला की तो किती अंतरावर, कोणत्या कोनात, हे उपकरणानं मोजून लिहायचं. दूरचे प्राणी नजरेतून सुटतात. अंतर वाढतं तसे किती सुटतात, हे गणितानं काढता येतं आणि मग न दिसलेले प्राणीही हिशेबात धरता येतात. राष्ट्रीय गणनेच्या वेळी महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांनी या कामातही स्वयंसेवकांना सामावून घेतलं आहे.

हीच रेषा समुद्राच्या तळाशीही आखली जाते. ‘रीफ चेक’ ही संस्था १९९६ साली सुरू झाली. सुट्टीत पाण्याखाली उतरणारे हौशी पाणबुडे तिच्या शिकवणीनुसार प्रवाळांवरून शंभर मीटरचा टेप अंथरतात. ठरलेल्या जातींचे मासे मोजतात आणि टेपच्या ठरलेल्या टप्प्यांवर दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे, जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, वाळू की दगड, ते लिहितात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातून २००२ साली निघालेल्या ‘कोरलवॉच’ उपक्रमात तर एक साधं रंगपत्रक असतं. प्रवाळाचा रंग त्याच्याशी ताडून पाहायचा. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं त्याला अन्न आणि रंग दोन्ही देतात. समुद्र फार तापला की हे नातं तुटतं, शेवाळं बाहेर पडतात, प्रवाळ पांढरा पडतो. रंग किती फिका झाला, हे शाळकरी मुलालाही पत्रकावरून सांगता येतं. असे प्रवाळ आपल्याकडेही आहेत. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ते वाढतात आणि १९८७पासून तिथे सागरी अभयारण्य आहे.

सातपुड्यातला सागवान आणि समुद्रातला प्रवाळ यांच्यात काही साम्य नाही. पण दोन्हीकडे साध्या माणसाकडून एकच गोष्ट मागितली जाते. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या रीतीनं पाहायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. काही दिसलं नाही, तर शून्य लिहायचं. त्या शून्याला मोल आहे. दर वर्षी त्याच पाणवठ्यावर, त्याच रात्री, तशाच तक्त्यात नोंद होत गेली, तर एखाद्या वर्षी शून्य का आलं, हा प्रश्न विचारता येतो. एका रात्रीचा आकडा फार काही सांगत नाही. वर्षांमागून वर्षांचे आकडे शेजारी मांडले की जंगल कुठे बदलतंय याची चाहूल लागते.

आणि खोटी नोंद काय करू शकते, हे मेळघाटच्याच एका पक्ष्याच्या गोष्टीतून कळतं. रानपिंगळा हे एक छोटं घुबड. दिवसाउजेडी शिकार करणारं. १८७३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली आणि १८८४नंतर त्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्यावर लिहिलं होतं, १९१४, मांडवी, गुजरात. पुढे अमेरिकी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा उघड झालं, की हा नमुना जुन्या संग्रहातून चोरून, त्याची शिवण बदलून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेला होता. त्या चिठ्ठीनं शोधणाऱ्यांना चुकीच्या जागी पाठवलं. रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदी धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये त्यांना व त्यांच्या दोन साथीदारांना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. नंतरच्या पाहण्यांत तो मेळघाटातही सापडला आणि आज मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर मानलं जातं. खऱ्या नोंदींनी त्याला परत मिळवून दिलं, तेही शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून लिहिलेल्या.

मेळघाट मोजायचा कशाला, असं खालच्या सपाटीवरच्या माणसाला वाटू शकतं. अकोट, तेल्हारा, दर्यापूर या भागातल्या माणसाला याचं उत्तर त्याच्या नळातून मिळतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खणली तर खारं पाणी लागतं. गोडं पाणी येतं ते वान, शहानूर यांच्या धरणांतून, आणि या नद्या येतात मेळघाटच्या डोंगरांतून. जंगलाची माती, गवत आणि मुळं पावसाचं पाणी थोपवून धरतात, गाळ अडवतात, मगच ते धरणात उतरतं. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, तो वाघासाठी. पण वाघासाठी राखलेलं जंगल खालच्या मुलखाची तहानही भागवतं. पाणवठ्यावर सांबरं कमी का झाली, गवत कुठे संपलं, हे प्रश्न त्यामुळे दर्यापूरच्या घागरीचेही प्रश्न आहेत.

मचाणावर जायचं असेल तर वन विभागाच्या सूचनांवर उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून लक्ष ठेवावं. जागा मर्यादित असतात, नोंदणी आधी करावी लागते. मातकट रंगाचे कपडे, कोरडं खाणं, पुरेसं पाणी. अत्तर नको, फोनचा आवाज नको, फ्लॅश तर मुळीच नको. सोबतच्या कोरकू वाटाड्याकडून शिकायची तयारी ठेवावी. पाणवठ्याच्या चिखलातला ठसा कधीचा, हे तो जसं सांगेल तसं पुस्तक सांगणार नाही.

आणि मचाण मिळालं नाही तरी थांबायचं कारण नाही. अकोल्याजवळ कापशीचा तलाव आहे, महानच्या धरणाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे. अमरावतीत छत्री तलाव आहे, वडाळी तलाव आहे. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते आणि त्यात कुणालाही भाग घेता येतो. एक तलाव निवडावा, महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी जावं, बदकं किती, बगळे किती, काहीच नसेल तर काहीच नाही, असं तारखेसह लिहून ठेवावं. पाच वर्षांनी ती वही त्या तलावाबद्दल असं काही सांगेल, जे आज एकाही तज्ज्ञाला ठाऊक नाही. वऱ्हाडात तलाव पुष्कळ आहेत आणि वह्या फार थोड्या. तुमच्या गावच्या तलावाची वही अजून कुणी सुरू केली नसेल, तर ती तुम्ही सुरू करा.